परीक्षकांना काट्यावर उभं करायचं होतं

तुमसर रोडहून निघाले

डिसेंबरात माझ्या मोठ्या मुलाचा, विजयचा, रायपूरहून फोन आला. त्याची बायको तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला गेली होती आणि महिनाभर येणार नव्हती. घरात तो आणि त्याची मुलगी केतकी, दोघंच. मी म्हटलं, वरणभात लावायला शिक. तो म्हणाला, आई, गोष्ट वरणभाताची नाही, केतकी हेलिकॉप्टरच्या परीक्षेत नापास झाली आहे आणि नीट जेवत नाही.

केतकी बी.एस्सी. झाल्यावर हेलिकॉप्टर चालवायला शिकते आहे हे मला माहीत होतं. रायपूरच्या बाहेर, शेतांच्या पलीकडे एक लहान धावपट्टी आहे, तिथे शिकवतात. लेखी पेपर ती पास झाली होती. ठरलेले तास उडूनही झाले होते. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. तिच्यासाठी बाहेरगावचे एक परीक्षक येतात, शेजारी बसतात आणि ते सांगतील ते हवेत करून दाखवायचं असतं. त्यात पास झालं की लायसन मिळतं. हे लायसन नोकरीचं नाही. स्वतः उडवता येतं आणि घरच्या माणसाला शेजारी बसवून नेता येतं, एवढंच. पण पुढची सगळी वाट त्यातून जाते.

विजयने तिला सांगून टाकलं होतं की आता फक्त एकदा. पुन्हा नापास झाली तर हे बंद आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास सुरू. दुसरी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. नापास काहून झाली, मी विचारलं. तो म्हणाला, घाबरते आई, दुसरं काय.

गाडीत डोंगरगडपर्यंत उभं राहायलाही जागा नव्हती. तिथे देवीच्या दर्शनाचे लोक उतरले आणि मला खिडकी मिळाली. बाहेर धान कापून झालेली शेतं, आणि खरेदीच्या जागी पोत्यांचे ढीग, त्यांवर निळी ताडपत्री. आमच्या भंडाऱ्याकडे दिसतं तेच. मुलूख बदलला हे मला बाहेर बघून कळलं नाही, चहावाल्याच्या बोलण्यावरून कळलं. मी चहा पाहिजे म्हटलं तर तो "हव" म्हणाला. आमचं हो, त्यांचं हव.

चौबे कॉलोनी

विजयचं घर चौबे कॉलोनीत आहे. दोन खोल्या खाली, दोन वर. शेजारी बोकडे म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. मूळचे पवनीचे, वजनदार माणूस, चाळीस वर्षं रायपुरात आहेत पण बोलणं अजून पवनीचंच. त्यांची बायको मला बघून धावत आली आणि अर्धा तास बोलली. मराठी बोलायला तिला बाई मिळत नाही म्हणाली. मुलं, नातवंडं सगळी हिंदीत उत्तर देतात.

ते खरं आहे. केतकीशी मी मराठीत बोलते, ती हिंदीत बोलते, आणि दोघींचं अडत नाही. पोट्टी वाळली होती. ताटात वाढलं की चिवडत बसायची.

भाजीबाजार मात्र मला आवडला. तिकडे पालेभाजी खूप खातात, आणि नावं वेगळी. आम्ही जिला लाखोरीची भाजी म्हणतो ती तिथे तिवरा. शेवग्याच्या शेंगेला मुनगा म्हणतात. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खातात, त्याला बासी म्हणतात आणि ते खाल्लं हे अभिमानाने सांगतात. आमच्याकडेही शिळा भात खातात, पण पाहुणा आला की झाकून ठेवतात.

मी रोज साधं वरण, तूप, लाखोरीची भाजी, दोन दिवसांआड पाटवडीचा रस्सा असं सुरू केलं. मुलीला भूक नसते हे मी कोणाचं ऐकत नाही. वाढायचं आणि समोर बसायचं. आठवड्यात ती जेवायला लागली.

धावपट्टी

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, मले तुझं ते हेलिकॉप्टर दाखव. तिने मला स्कूटीवर मागे बसवलं. थंडी होती, डोक्याला मफलर बांधून गेले.

मला वाटलं होतं मोठं असेल. ते आमच्या अंगणात मावेल एवढं होतं. दोन माणसं बसतात, तीही खांद्याला खांदा लावून. पुढे काच, मागे लांब शेपूट, डोक्यावर दोन पाती. त्यापेक्षा आमच्या तुमसरचा ऑटो ऐसपैस.

तिला शिकवणारे साहू सर धमतरीकडचे. सैन्यात हेलिकॉप्टर चालवून निवृत्त झालेले. बारीक माणूस, मिशी पांढरी. मला दाई म्हणाले, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. दारातच एक लोखंडी वजनकाटा होता. सर म्हणाले, दाई, आधी काट्यावर. मी म्हटलं मी कुठे उडून राहिली. ते म्हणाले, इथे येणारा प्रत्येक जण चढतो, सवय राहते. मी चपलेसकट चढले. चोपन्न किलो.

मग त्यांनी मला तो कागद दाखवला. उडायच्या आधी रोज भरायचा असतो. चालवणाऱ्याचं वजन, शेजारच्याचं वजन, सामान, टाकीतलं पेट्रोल. बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर उडायचं नाही. यंत्र लहान, त्याला दोन-चार किलोही कळतात. ऊन वाढलं की हवा पातळ होते आणि ते आणखी कमी उचलतं. हे मला लगेच समजलं. बैलबंडीत किती पोती टाकायची हे ज्याला समजतं त्याला हे समजेल. फरक एवढाच की बंडी अडली तर खाली उतरून ढकलता येते.

मग ती दोघं उडाली. मी बाकावर बसून बघितलं. डाव्या हाताशी एक दांडा असतो, तो उचलला की यंत्र वर जातं. उजव्या हातात दुसरा, त्याने पुढेमागे. पायाखाली दोन पट्ट्या, त्याने तोंड फिरवायचं. तिन्ही एकाच वेळी. आधी ती माणूसभर उंचीवर एका जागी थांबली. सर नंतर सांगत होते की हेच सगळ्यांत अवघड असतं. बघणाऱ्याला तर काहीच होत नाही असं वाटतं. मग दूर गेली, उंच गेली, आणि परत येताना वरच इंजिनाचा आवाज पडला. मी उठून उभी राहिले. यंत्र खाली यायला लागलं, पण दगडासारखं नाही, वडाच्या पानासारखं गरगरतही नाही, सरळ घसरत आलं. जमिनीजवळ आल्यावर नाक थोडं वर केलं आणि आवाज परत आला. असं तिने चार वेळा केलं.

उतरल्यावर सरांनी सांगितलं की इंजिन बंद पडलं तर काय करायचं याचा तो सराव असतो. आवाज पडला की त्याच क्षणी डावा दांडा खाली सोडायचा. उशीर झाला तर पाती मंदावतात आणि मग खरंच दगड. पोट्टीने एकदाही उशीर केला नव्हता.

मी त्यांना विचारलं की मग ही घाबरते कुठे.

त्यांना वाटलं होतं घरी माहीत असेल. म्हणाले, "दाई, डर-वर कुछ नहीं है। इसने परीक्षक साहब का वजन ही नहीं पूछा। अंदाज से लिख दिया।"

झालं असं होतं. परीक्षेच्या दिवशी कागद केतकीनेच भरायचा होता. परीक्षक जाडे, वयाने मोठे, बूट चकचकीत, आल्याबरोबर सगळे उभे राहिले. हिने त्यांना काट्यावर चढायला सांगितलं नाही. ऐंशी लिहिलं. त्यांनी कागद बघितला आणि ऐंशी कुठून आणलं विचारलं. मग ते स्वतः जाऊन काट्यावर उभे राहिले. शहाण्णव. कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि निघून गेले. इंजिन सुरूही झालं नव्हतं.

परतताना रस्त्यात पोह्यांच्या टपरीवर मी स्कूटी थांबवायला लावली. तिकडे पोह्यांबरोबर जिलेबी देतात. मी दोन प्लेटी घेतल्या आणि तिला विचारलं.

"काहून नाही विचारलं तू?"

"कैसे पूछती, आजी? इतने बड़े हैं।"

"मग घरी घाबरली असं काहून सांगितलं?"

"मैंने नहीं कहा। पापा ने ही सोच लिया।" मग जिलेबीकडे बघत म्हणाली, "वही ठीक लगा। ये वाली बात ज़्यादा खराब है।"

मला तिचा राग आला, पण तो फार टिकला नाही, कारण मला दुसरं काहीतरी आठवलं. ही सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात तुमसरला आली होती. माझे थोरले दीर जेवायला बसले होते. हिने त्यांना विचारलं की आजोबा, तुमचं पोट एवढं मोठं काहून आहे. सगळे हसले. मी हिला आत नेऊन थोबाडीत मारली होती आणि बाहेर आणून त्यांच्या पाया पडायला लावलं होतं. मोठ्या माणसाचं वय, पगार, अंग यांबद्दल बोलायचं नाही, हे मीच शिकवलं. विजयलाही मीच शिकवलं, त्याने पुढे हिला शिकवलं. चांगलं शिकवलं असंच मी आजवर समजत होते. घरात ते चांगलंच आहे. त्या दोन माणसांच्या डब्यात ते चालत नाही.

गोल बाजार, आणि बोकडे

दुसऱ्या दिवशी आम्ही गोल बाजारात जाऊन घरात ठेवायचा वजनकाटा घेतला. भांड्यांच्या गल्लीत मिळाला. दुकानदाराने विचारलं कोणासाठी, दीदीसाठी का? मी म्हटलं तुझ्यासाठी, चढ. तो चढला. केतकीला म्हटलं, आकडा वाच आणि त्याला सांग. तिने इतक्या हळू सांगितला की त्याला तीनदा विचारावं लागलं.

घरी मी परीक्षक झाले. खुर्चीवर बसायची, ती येऊन म्हणायची, सर, प्लीज काट्यावर या. पण मी आजी, मला सांगायला काय लागतं. तिला हसू यायचं. म्हणून रविवारी मी बोकड्यांना नवराबायकोला चहाला बोलावलं आणि केतकीला आधी बजावलं की ते जायच्या आत त्यांना काट्यावर चढवायचं, नाहीतर मी उद्याच्या गाडीने घरी.

बोकडे आले, सोफ्यावर बसले, सोफा दबला. केतकी पोहे घेऊन आली. वजनाचं बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "काका, और पोहा?" त्यांनी घेतले. पुन्हा आली. "काका, चाय में शक्कर ठीक है?" ठीक होती. बोकडे विजयशी रेल्वेच्या गोष्टी बोलत होते. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिने मदत मागितली असती. तिसऱ्यांदा ती काटाच उचलून घेऊन आली आणि त्यांच्या पायाशी ठेवला.

"काका, इस पर खड़े हो जाइए। चप्पल पहनकर।"

विजयचा चेहरा बघण्यासारखा होता. तो केतकीला ओरडणार तेवढ्यात मी त्याला खुणेने गप्प केलं.

बोकडे म्हणाले, "काहून? मले उडवून राहिली का?"

"हो," ती म्हणाली. हे मराठीत.

त्यांची बायको एवढी हसली की चहा सांडला. म्हणाली, "चढा नं. तीस वर्षं झाली मी सांगून राहिली का वजन करा, डॉक्टर सांगून राहिला, मुलगा सांगून राहिला." बोकडे रागाने उठले. रागाने का होईना, चढले. एकशे चार. ते म्हणाले, तुमचा काटा खराब आहे. केतकी म्हणाली, नाही काका, बरोबर आहे, सकाळीच तपासला. मोठ्या माणसाला हिने आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं असेल. बोकडे चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी तिळाचे लाडू पाठवले, ते त्यांनी ठेवून घेतले.

ते गेल्यावर विजयने विचारलं, हा काय प्रकार आहे. केतकीने त्याला सगळं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. तो म्हणाला, म्हणजे तुला भीती वाटत नाही? ती म्हणाली, वाटते, पण उडण्याची नाही. विजयने अट मागे घेतली नाही. एकदा म्हणजे एकदाच.

परीक्षा

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात साहू सरांनी मला निरोप पाठवला की दाईला सांग, बस. माझ्या जेवणाने केतकीचं वजन दीड किलो वाढलं होतं. मी तुपाचं भांडं वर ठेवून दिलं. वाढायचं कमी करणं मला जमलं नाही, म्हणून त्या आठवड्यात वाढायला विजयला बसवलं.

त्या दिवशी मी गेले होते. सावलीतल्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं मला सरांनी सांगितलं होतं. परीक्षक तेच होते. जीपमधून उतरले, हातात जाड बॅग. केतकी पुढे गेली. मला तिचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. नमस्कार झाला, कागद उघडला, आणि ती म्हणाली, सर, प्लीज काट्यावर.

ते चालता चालताच म्हणाले, "नब्बे लिख लो।"

ती तिथेच उभी राहिली. मी पदर हातात घट्ट धरला होता. एवढा मोठा माणूस स्वतःच्या तोंडाने आकडा सांगतो आहे, त्यावर परत काय बोलायचं. मला खरं सांगायचं तर त्या जागी मी असते तर नव्वद लिहिलं असतं.

"नहीं सर। काँटे पर। बैग के साथ।"

ते थांबले. बॅग तशीच हातात घेऊन काट्यावर चढले. आकडा मला दिसला नाही, पण केतकीने मोठ्याने वाचला. एकशे एक. तिने बेरीज केली. पुन्हा केली. मग म्हणाली, जास्त होतं आहे, थोडं पेट्रोल काढावं लागेल आणि बॅग इथे ठेवावी लागेल. परीक्षक म्हणाले, सकाळ आहे, थंड आहे, चालून जाईल, मला दुपारी परतायचं आहे. ती म्हणाली, नाही सर. हा तिचा त्यांना दुसरा नकार.

पेट्रोल काढायला अर्धा तास लागला. नळी लावून डब्यात काढतात, आणि पुन्हा मोजतात. तेवढा वेळ परीक्षक माझ्या बाकावर येऊन बसले. साहू सर लांबून माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं नाही. पण त्यांनीच विचारलं की आपण कोण. मी सांगितलं, तिची आजी.

"ज़िद्दी है," ते म्हणाले.

मी माझ्या हिंदीत सांगितलं की जिद्दी नाही, भित्री आहे, तुमच्यामुळे आता आता सुधारली. ते हसले नाहीत. बुटाकडे बघत राहिले. मग म्हणाले की मागच्या वेळी त्यांनी तिला शिकवायला नापास केलं होतं, पण आज नव्वद म्हणताना ते तिची परीक्षा बघत नव्हते. नव्वद त्यांनी खरंच सांगितलं होतं. घरच्या काट्यावर नव्वद येतं. मी म्हटलं, तो काटा कोणी घेतला? म्हणाले, बायकोने.

ती दोघं उडाली तेव्हा ऊन चढलं होतं. तासाभराने परत आली. मध्ये दोनदा आवाज पडलेला मी ऐकला आणि दोन्ही वेळा परत आलेला ऐकला. शेवटी उतरताना यंत्र एकदा उजवीकडे कललं, जमिनीला जरा जोरात लागलं. साहू सरांनी तोंड वाकडं केलं. परीक्षक उतरले, बाकावर बसून दहा मिनिटं लिहीत राहिले, कागद केतकीला दिला, बॅग उचलली, मला नमस्कार केला आणि जीपमध्ये बसले.

पास. उतरण्याबद्दल खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या चांगल्या नव्हत्या.

साहू सर म्हणाले, दाई, आज जे पेट्रोल काढलं त्यातलं दोन लिटर तुमचं होतं. मी म्हटलं, तुपाचा हिशेब मी देवाजवळ देईन.

विजयला फोनवर सांगितलं. तो हो-हो एवढंच म्हणाला. संध्याकाळी घरी येताना त्याने बोकड्यांसाठी पेढे आणले आणि स्वतः नेऊन दिले. चार दिवसांनी सून परत आली आणि मी तुमसरला आले.

मार्च, पुन्हा रायपूर

लायसन हातात यायला कागदपत्रांमुळे अडीच महिने गेले. केतकीने फोन केला आणि म्हणाली, पहिल्यांदा कोणाला शेजारी बसवायचं तर आजीला. मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं. आमच्या बचत गटाच्या बायका स्टेशनवर सोडायला आल्या होत्या. वरून काय दिसतं ते सगळं बघून ये, असं प्रत्येकीने सांगितलं.

साडी चालत नाही. पदर उडाला तर कुठे अडकेल सांगता येत नाही. सुनेची सलवार-कमीज घातली, आयुष्यात पहिल्यांदा. बोकड्यांच्या बायकोने फोटो काढला. धावपट्टीवर गेलो. विजय आणि सूनही आले होते. केतकीने मला काट्यावर चढवलं, कागद भरला. बेरीज बरोबर होती, माझं वजन तेवढंच होतं. मला डब्यात बसवलं, पट्टा कसा सोडायचा हे दोनदा करून घेतलं, कानावर बसायचे ते मोठे कान घालून दिले. माझ्या पायाखालीही दोन पट्ट्या होत्या, त्यांना पाय लावायचा नाही म्हणाली. मी पाय मागे घेतले.

मग ती बाहेर उभी राहून वाऱ्याची कापडी नळी बघत राहिली. खांबावर लावलेली असते, वारा आला की फुगते. ती कधी ताठ व्हायची, कधी पडायची, कधी एकदम दुसरीकडे वळायची. धुळीची एक भोवरी धावपट्टीवरून गेली. साहू सर तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. मी कान काढून ऐकत होते. सर म्हणाले, मी असतो तर गेलो असतो. पण चालवणारी तू आहेस.

तिने पुन्हा एकदा नळीकडे बघितलं. मग दाराशी आली.

"नहीं आजी। आज नहीं।"

मी म्हटलं, सर तर जाईन म्हणून राहिले. ती म्हणाली, सरांना उडवायला लागून तीस वर्षं झाली आहेत, मला नाहीत. मी म्हटलं, अगं, मी तुमसरहून आली. परवाचं तिकीट आहे. गावात सगळ्यांना सांगून आली. ती म्हणाली, मालूम है आजी. मी म्हटलं, थोडं तरी, माणूसभर तरी उचल. तिने माझा पट्टा सोडला आणि उतरायला हात पुढे केला. हात धरला नाही मी. माझी मी उतरले.

दुसऱ्या दिवशी वारा आणखी होता. तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. ती स्टेशनवर आली होती, पाया पडली, बाटलीत पाणी भरून दिलं. मी तिच्याशी फार बोलले नाही.

दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. बाहेर पळस फुलला होता. मी खिडकीतून झाडं बघत होते, झाडं चांगलीच हलत होती. गोंदियापर्यंत मला राग होता. गोंदियाला एक बाई चढली, तिने विचारलं कुठून येऊन राहिल्या आजी. मी सांगितलं, नातीकडून. ती हेलिकॉप्टर चालवते. बाईने डोळे मोठे केले आणि विचारलं, मग तुम्हाले नेलं का वर?

मी म्हटलं, नाही नेलं. वारा होता, तिने मले खाली उतरवून देलं.

नात पास झाली हे सांगावं तशा आवाजात मी हे सांगितलं. ती बाई म्हणाली, मोठी हुशार दिसते पोट्टी.

मी म्हटलं, हो.